बिल्ल्यावरचा शेवटचा आकडा

समुद्र दीडशे मैलांवर आणि शामकांत केडगावात बसून मुशींचा, म्हणजे लहान शार्क माशांचा अभ्यास करणार! नगरात याची मनसोक्त चेष्टा व्हायची. पण तो काही हौसेने आला नव्हता. लढाईमुळे रत्नागिरीची प्रयोगशाळा बंद पडली आणि साहेबांनी त्याला घरी धाडलं. मार्चअखेर पुरावा द्या, नाहीतर काम गुंडाळा.

पुरावा दोनशे मुशींच्या शेपट्यांना बांधलेला होता. रत्नागिरीच्या मिऱ्या बंदरात धरलेल्या मुशी त्याने पितळी बिल्ले बांधून तीस मैल दक्षिणेला सोडल्या. विषम आकड्यांच्या जशाच्या तशा, सम आकड्यांच्या नाकपुड्यांत मेण-कापूस. मुशी वासावर घर शोधते की आणखी कशावर, एवढंच त्याला कळायला हवं होतं. लढाईत छापायचे ठसे कुठले मिळायला? आकडे त्याने स्वतःच सुईने कोरले.

सुकी मुशी घाट चढून देशावर येते. म्हणून दर बाजारी तो तिसगावला जाऊन सुकी मासळी विकणाऱ्या बद्रुन्निसाचं डोकं खाई.

मार्चच्या शेवटच्या बाजारी तिने बटव्यातून बिल्ला काढला.

"गावला, मास्तर! वखारवाल्याला खोदून खोदून इचारलं. मिऱ्या बंदराचा माल हाय, संक्रांतीच्या सुमाराचा."

मुशी घरी परतली होती! शामकांतने बिल्ला उन्हात धरला. पितळ लखलखत होतं.

"लई घान हुता," ती कौतुकाने म्हणाली. "असा कसा द्यावा तुमच्या हातात? चिंच आन् राख लावून दोन दिस घासला."

पहिला आकडा, एक, जेमतेम दिसत होता. पुढे सगळं गुळगुळीत. त्याने बिल्ला तिरपा धरला, नख फिरवलं, धोतराने पुसला. सम की विषम?

"चाची, हिचं डोकं?"

"डोकी बंदरावरच तोडत्यात. हितवर कोन आनतंय?"

त्याला ओरडावंसं वाटलं, पण ओरडणार कोणावर? अख्ख्या जिल्ह्यात त्याचं काम खरं मानणारी ही एकटीच. भर बाजारात त्याचे डोळे भरून आले.

"चुकलं का काय माजं?"

"नाही, चाची. फार उपकार झाले."

तिचा चेहरा खुलला. "मग आनखी गावलं, तर असंच लख्ख करून ठिवते."

"ठेवा," शामकांत म्हणाला.