मला नापास केलं, त्याची गोष्ट

वृद्धाश्रमाच्या मागे कचऱ्याच्या डब्यांना खेटून एक निळी गाडी उभी असते ना, ती मी. आधी पुढच्या दारापाशी चांगली ऐटीत उभी असायचे. मला मागे का हाकललं ते सांगते. माझ्याबद्दल कागदावर धडधडीत खोटं लिहिलं गेलंय आणि ते मला अजून खुपतं.

चौदा वर्षं मी आर्मंडची होते. आर्मंड अमेरिकेतल्या व्हरमाँटमधल्या आमच्या गावात रस्ते खात्यात होता. बर्फ वितळावं म्हणून रस्त्यावर मीठ टाकायचं, हे त्याचं एकतीस वर्षांचं काम. तेच मीठ गाड्यांना खालून गंजवून खातं. आमच्याकडच्या गाड्या म्हाताऱ्या होऊन मरत नाहीत, सडून मरतात. म्हणून आर्मंड दर रविवारी चर्चमधून आला की मला फळ्यांवर चढवायचा आणि खालून पाण्याने धुवायचा. शेजारी चिडवायचे, "स्वतःच टाकतोस, स्वतःच धुतोस." चिडवोत बापडे. मी खालून लख्ख होते.

त्याची बायको ओडेट माणसं विसरायला लागली, तेव्हा तिला अठरा मैलांवरच्या या वृद्धाश्रमात ठेवलं. आमच्या रस्त्याला बस नाही. दर बुधवारी आर्मंड आणि मी मेपलच्या पाकातले दोन डोनट घेऊन निघायचो. तो मला मुद्दाम तिच्या खिडकीखाली उभी करायचा. मला बघितलं की ती कोट घालून दाराशी येऊन बसायची. त्याचं नाव ती कधीमधी विसरायची, मला कधी विसरली नाही. याचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू.

मग आर्मंडच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आणि माझं खालून धुणं सुटलं. त्या मार्चमध्ये वळण घेताना त्याने एका घरापुढची, रस्त्याकडेच्या खांबावरची पत्रपेटी पाडली. माणूस नाही, कुत्रं नाही, नुसती पत्रपेटी. पण त्याची मुलगी पॉलेट हबकली.

दरवर्षी आमची तपासणी होते. पास झालात तर काचेवर नवा कागद चिकटवतात, नाहीतर रस्ता बंद. त्या वर्षी पॉलेट स्वतः मला गॅरेजात घेऊन गेली. तिथला वेन तिच्या वर्गातला. मी वर टांगलेली होते आणि ही दोघं माझ्या पोटाखाली उभी.

"गाडी टकाटक आहे गं," वेन म्हणाला.

"नापास कर."

"पत्रपेटीपायी?"

"आज पत्रपेटी, उद्या कुणाचं पोर. खालून सडली असं लिही. बाबा काय वाकून बघणार आहेत?"

"सरळ सांग ना त्यांना, चालवू नका म्हणून."

"मी सांगितलं की मी वाईट. कागदाने सांगितलं की निमूट ऐकतात."

वेनने मान खाजवली आणि लिहून टाकलं. मला ओरडावंसं वाटलं. पण आमचा आवाज म्हणजे हॉर्न, आणि तोही दुसऱ्याने दाबला तरच वाजणार.

आर्मंडने तो कागद दोनदा वाचला. त्याला जराही संशय आला नाही. येणार कसा? आमच्याकडे गाडी सडणं म्हणजे माणसाचे केस पिकणं. "माझंच मीठ," एवढंच तो म्हणाला आणि माझ्या टपावर हात ठेवून उभा राहिला. पॉलेट म्हणाली, भंगारात देऊ. तो म्हणाला, "भंगारात नाही. चर्चच्या लोकांची संस्था आहे, जुन्या गाड्या घेऊन गरजूंना देतात. निदान हिचे भाग कुणाच्या कामाला येतील." फॉर्मवर त्याने वळणदार अक्षरात लिहिलं, खालून सडलेली आहे, कुणाच्या जिवाला धोका होईल असं करू नका.

"दर बुधवारी मी नेईन तुम्हाला आईकडे," पॉलेट म्हणाली. दोन बुधवार नेलंही. मग तिसऱ्या बुधवारी तिला काम निघालं, आणि ते निघतच राहिलं.

इकडे संस्थेच्या मेकॅनिकबाईने मला ठोकून बघितलं. "हिला नापास करणाऱ्याला चष्मा द्या कुणीतरी," ती म्हणाली आणि नवा कागद चिकटवून मोकळी झाली. मी फुराहाला मिळाले. फुराहा काँगोतून आलेली, याच वृद्धाश्रमात सेविका. बर्फातून पाऊण तास चालत कामाला यायची. किल्ली हातात घेऊन ती हमसून रडली. अशा बाईचा राग कसा करायचा, तुम्हीच सांगा.

पहिल्याच दिवशी तिने मला पुढच्या दारापाशी लावलं. ओडेट वर खिडकीत. तिने मला बघितलं, लगबगीने कोट चढवला आणि दाराशी येऊन बसली. तिला भेटायला कुणीच आलं नाही. असं आठवडाभर चाललं. ती जेवेना. "तो गाडी लावतोय," म्हणायची. आठव्या दिवशी तिने माझ्यातून तरणी फुराहा उतरताना नीट बघितली.

त्या दिवशी आर्मंडचा फोन आला. ओडेट म्हणाली, "त्याला सांगा, मी घरी नाही. त्या बाईला घेऊन फिर म्हणावं." फुराहाने जीव तोडून समजावलं, आजी, ही माझी गाडी आहे. ओडेट म्हणाली, "हो, दिली ना त्याने तुला." आता यात खोटं तरी काय होतं?

व्यवस्थापकाने मला मागे लावायला सांगितलं. उपयोग झाला नाही. ओडेट बाकी सगळं विसरली, तेवढं विसरली नाही. दर बुधवारी फोन येतो, दर बुधवारी ती घेत नाही.

परवा फुराहाला राहवलं नाही. जेवणाच्या सुट्टीत माझ्यात बसून तिने आर्मंडला स्वतः फोन लावला आणि सगळं सांगितलं. त्याचं पहिलं वाक्य माझ्याबद्दल होतं.

"ती सडलेली आहे पोरी. जपून चालव."

"काही सडलेलं नाही, बाबा. मेकॅनिकबाई म्हणाली, हिला कधी काही झालंच नव्हतं."

तो मग हळूच म्हणाला, "गॅरेजातला वेन माझ्या पॉलेटच्या वर्गातला."

"मी घेऊन येते तुम्हाला. येत्या बुधवारी."

"तुझ्या शेजारून उतरताना तिने बघितलं तर? नको."

"मग लेकीला जाब विचारा."

"आणि मग? बाजार तीच आणते, औषधं तीच आणते. मला कळलंय हे तिला कळू देऊ नकोस, पोरी. ती यायची बंद झाली तर या घरात कुणी उरायचं नाही."

फोन ठेवून फुराहा स्टिअरिंगवर डोकं टेकून बसली. मला आर्मंडची दया आली आणि रागही आला. एवढा मोठा माणूस, आणि स्वतःच्या लेकीला भिऊन बसलाय.

माणसांनो, म्हाताऱ्या बापाच्या हातून गाडी काढून घ्यायचीच असेल तर तोंडावर सांगा. चिडेल, आदळआपट करेल, तुम्हाला चार शिव्या घालेल. घालू दे. आमच्यावर ढकलू नका, आम्हाला साक्ष देता येत नाही.

उद्या बुधवार. फोन वाजेल, आणि ओडेट कूस बदलून म्हणेल, घरी नाही म्हणून सांग.