साबणाची साक्ष

विहीणबाई परवाच्या गाडीने परत जाते म्हणाल्या, आणि सून स्वयंपाकघरात डोळे पुसत बसली. तिचे दिवस भरत आले होते. तिची आई बाळंतपणापर्यंत राहणार असं ठरलं होतं. पण आईचं म्हणणं, व्याह्यांना हे लग्न अजून पचलेलं नाही, मी आल्यापासून त्यांनी तोंड म्हणून उघडलं नाही.

ज्यांच्यावर हा आळ आला ते शब्दोबा आतल्या खोलीत पुस्तकांच्या आड बसून सगळं ऐकत होते. उभा जन्म त्यांनी शब्दकोशाच्या कचेरीत काढला होता. शब्दोबा हे नाव तिथलंच. विहीणबाईंची भाषा वेगळी. त्या यायच्या म्हणून त्यांनी गुपचूप त्या भाषेचं व्याकरणही वाचलं होतं. पण कचेरीचा नियम हाडात मुरलेला: पुस्तकात दिसला म्हणून शब्द खरा मानायचा नाही, बोलणाऱ्याच्या तोंडून ऐकायचा, मगच वापरायचा. तेव्हा ते विहीणबाईंनी बोलायची वाट पाहत होते. आणि विहीणबाई, पाहुण्या म्हणून, त्यांनी बोलायची.

"मौनव्रत घेतलंय का?" बायको म्हणाली. तिला ती भाषा ओ की ठो येत नव्हती, तरी हातवाऱ्यांवर तिचं विहीणबाईंशी झकास चाललं होतं. "चुकलात तर हसतील. दात दिसतील, एवढंच."

शब्दोबांना पटलं. पण पाय पुन्हा पुस्तकांकडेच वळले.

दुपारी बायको सुनेला घेऊन दवाखान्यात गेली. विहीणबाई निघायची तयारी म्हणून मोरीत कपडे धुवायला बसल्या. कोनाड्यात हात घातला तर तो रिकामा. त्यांनी मागे पाहिलं, दाराशी घुटमळणारे व्याही दिसले. जरा संकोचून त्या एकच शब्द बोलल्या, "साबून?"

शब्दोबांचा चेहरा उजळला. या शब्दाने त्यांना नोकरीत रडवलं होतं. तो अरबांनी आणला की पोर्तुगीजांनी, यावर कचेरीत दोन तट पडले होते. त्यामागे लॅटिन, त्याच्याही मागे म्हणे उत्तरेकडच्या कुठल्या टोळ्या. निम्म्या जगाचे हात धुऊन आलेला शब्द आज त्यांच्या मोरीत, जित्या तोंडातून!

"साबण," ते म्हणाले. मग तिकडच्या भाषेत, चाचपडत, "परत बोला."

"साबून."

"परत."

विहीणबाईंना वाटलं, अगंबाई, व्याह्यांना ऐकायला कमी येतं. एवढंच होतं तर! त्यांनी बाह्या वर सारल्या आणि गल्लीला ऐकू जाईल असा तो शब्द ओरडून सांगितला.

शब्दोबांनी साबणाची वडी आणली खरी, पण हातात देण्याआधी तिची कुळकथा सुरू केली. थोडी त्यांच्या भाषेत, थोडी आपल्या, उरलेली हातांनी. विहीणबाईंनी बादलीवर टिचकी मारली. दोघांनी आपापला शब्द सांगितला, तो काही जुळला नाही. दोघेही हिरमुसले आणि पुढच्या शब्दासाठी खिडकीकडे वळले.

सासू-सून परतल्या तेव्हा कपडे तसेच होते आणि वडी शब्दोबांच्याच मुठीत. आईने लेकीला काहीतरी सांगितलं. ऐकता ऐकता सुनेला हसू आवरेना.

"आई म्हणते, व्याही भला माणूस आहे, नुसता बहिरा आहे. या घरात बाळ रडलं तर ऐकणार कोण? म्हणून राहते."

शब्दोबा खुलासा करायला निघाले, तोच बायकोने चिमटा काढला.

तेव्हापासून विहीणबाई त्यांच्याशी ओरडून बोलतात. आणि शब्दोबा, पहिल्या वेळीच स्वच्छ ऐकू आलेला शब्दही, कानाशी हात नेऊन पुन्हा म्हणायला लावतात.