दोनदा दिलेला थेंब

चिनात्सु ओकुदाने बशी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली, डोळा लावला आणि लगेच काढून घेतला. पुन्हा लावला. पेशी हिरव्या दिसायला हव्या होत्या. सगळ्या लाल होत्या.

म्हणजे मज्जापेशी तयार झाल्या होत्या, पण भलत्याच. हात थरथरणाऱ्या माणसांच्या मेंदूतून ज्या नाहीशा होतात, त्या हव्या होत्या. झाल्या झोप सांभाळणाऱ्या. मूळ पेशी कोऱ्या असतात. औषधाचा थेंब ठरल्याइतका पडला तर त्या एका वाटेला लागतात, जास्त पडला तर पुढच्या वळणाला जातात. क्योतोच्या या प्रयोगशाळेत हे नव्याने आलेल्यालाही ठाऊक होतं. ही खेप बिघडली आणि का बिघडली ते सांगता आलं नाही, तर काम दुसऱ्या गटाकडे जाईल, असं प्रयोगशाळेच्या प्रमुख हातानोबाईंनी बजावलं होतं.

थेंब तर तिने स्वतः टाकला होता. नववर्षाच्या दिवशी, आईने वाढलेलं मोचीचं, तांदळाच्या चिकट वड्यांचं, सूप अर्धं टाकून, तोयामाहून गाडी पकडून. तिच्यासोबत काम करणारे ज्येष्ठ कुरोसाकीसान म्हणाले होते, मी बघतो, तू घरी राहा. पण सणाच्या दिवशी वडीलधाऱ्या माणसावर ओझं कसं टाकायचं?

चहाच्या वेळी तिने गावची मिठाई पुढे केली आणि रीतीप्रमाणे सुट्टीबद्दल माफी मागितली. कुरोसाकीसान येत्या वसंतात निवृत्त होणार होते. त्यांनी एक वडी उचलली.

“माफी कसली? तुझ्या लेकरांना त्या दिवशी पहाटेच थेंब पाजून गेलो होतो मी. बशीवर खूण केली नाही. उगाच ओशाळली असतीस.”

चिनात्सुने कप खाली ठेवला. मिठाई जरा जास्तच गोड झालीये, एवढंच म्हणाली. कुरोसाकीसान तिच्याकडे गरजेपेक्षा थोडा जास्त वेळ बघत राहिले.

संध्याकाळी ती बाईंसमोर वाकून उभी राहिली. पेशींचा दोष नाही, थेंब माझ्याच हातून दोनदा पडला, असं तिने सांगितलं.

सकाळी बाईंनी दोघांनाही बोलावलं.

“काल ही येऊन गेली, हिच्या मागोमाग तुम्ही. दोघंही म्हणता, मीच दोनदा टाकला. म्हणजे चार झाले. चार पडले असते तर एक पेशी जगली नसती.”

बाईंनी लाल पेशींची बशी दोघांपुढे सरकवली.

“पेशी सांगितल्याप्रमाणे वागल्या. तुमचं काय करू?”

मग आणखी एक खेप करा म्हणाल्या. शेवटची.

त्या खेपेच्या औषधाच्या दिवशी चिनात्सु लवकर आली. कुरोसाकीसान आधीच खिडकीपाशी उभे होते, बाहेर बघत. तिने नळीत थेंब घेतला, बशीवर धरला आणि थांबली. असं मोठ्यांना विचारायचं नसतं.

“कुरोसाकीसान, तुम्ही दिलंत का?”

पाठमोऱ्या माणसाचे कान लाल झाले.

“दिलं,” ते म्हणाले.

तिने थेंब परत बाटलीत सोडला.