कोंडलरावांनी कापलेली चार मिनिटे

मी एक जुना प्रोजेक्टर आहे. मित्रांनो, माझ्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवा असे मी म्हणणार नाही. मी स्वतः कोणावरही तसा ठेवत नाही.

हा संशयी स्वभाव मला कामातून आला. पेद्दलंका गावच्या नीलवेणी टॉकीजच्या खोलीत आम्ही दोन यंत्रे शेजारी शेजारी होतो. सिनेमाचे पहिले रीळ शेजाऱ्यावर चढे, दुसरे माझ्यावर, तिसरे पुन्हा त्याच्यावर. म्हणजे नायिका का रुसली ते त्याला ठाऊक, आणि ती केव्हा हसली ते मला. आयुष्यभर मी प्रत्येक गोष्ट अर्धीच पाहिली. उरलेल्या अर्ध्यात आपल्यापासून काय लपवले असेल, हा किडा तेव्हापासून डोक्यात आहे.

माझा जन्म कारखान्यातला. बैलगाडीत गवत घालून मला कालव्याच्या काठाकाठाने इथे आणले. ऑपरेटर कोंडलराव रोज सकाळी आंघोळ करून येत, मला कुंकवाचा टिळा लावत, काच पुसत, दातेदार चाकांना थेंब थेंब तेल देत. मालक मला 'गावाचा डोळा' म्हणायचे. तेव्हा माझी छाती फुगायची, खोटे कशाला बोलू?

पण कोंडलरावांच्या हाताला एक सवय होती, आणि ती त्या काळच्या पुष्कळ ऑपरेटरांना होती. गर्दीचा सिनेमा आला की मालक सांगत, दिवसाला चार नाही, पाच खेळ बसवा. मग कोंडलराव कात्री घेत. एखादे गाणे, थोडी मारामारी, शेवटचा रेंगाळणारा भाग असे काढून बाजूला ठेवायचे. फिल्मची पेटी परत पाठवताना सगळे तुकडे नीट चिकटवून द्यायचे, की पुढच्या गावाला पत्ता नाही. प्रेक्षकांनाही हे माहीत होते. त्यामुळे आमच्या गावात सिनेमा आवडला नाही की आधी दिग्दर्शकाला शिव्या, आणि लगेच कोंडलरावांच्या कात्रीला.

आता सुगुणाची गोष्ट. ती टॉकीजसमोर शिवणकाम करायची. 'नक्षत्रकोट' नावाचा तीन भागांचा सिनेमा त्या वर्षांत गाजत होता. आकाशात तरंगणारा किल्ला, त्यातली माणसे, आणि त्या किल्ल्याची यंत्रे सांभाळणारा भद्रय्या नावाचा म्हातारा. पहिल्या भागाच्या वेळी सुगुणाने चाहत्यांच्या मंडळाला निळे गणवेश शिवून दिले होते. पुढे तिचे वडील वीरराजू, ज्यांना ती नाना म्हणायची, तांदळाच्या गिरणीतल्या अपघातात गेले. ते तिथला बाष्पक, म्हणजे बॉयलर, सांभाळायचे. बाष्पक फुटायला आले तेव्हा त्यांनी बाकीच्यांना बाहेर ढकलले आणि स्वतः आत राहून झडप फिरवत बसले. कोंडलराव त्यांचे जिवलग दोस्त. दवाखान्यात नेताना जीपमध्ये मागे वीरराजूंना घेऊन तेच बसले होते. सुगुणा त्या दिवशी शिवणाच्या परीक्षेला परगावी होती. ती आल्यावर कोंडलरावांनी सांगितले की जीपमध्ये ठेवतानाच प्राण गेला, काही त्रास झाला नाही.

वर्षाने दुसरा भाग लागला. शेवटच्या रिळात किल्ला पेटतो, भद्रय्या सगळ्यांना होडीत बसवतो आणि दार आतून लावून घेतो. दार बंद, पडदा काळा, खेळ संपला. पहिल्या खेळानंतर सुगुणा जिना चढून आमच्या खोलीत आली. तिचा चेहरा भिजलेला होता, पण ती शांत होती. म्हणाली, "काका, तो माझ्या नानांसारखा गेला. मला आज ते पुन्हा दिसले." तो भाग तिने एकोणीस वेळा पाहिला.

बाहेरगावचे चाहते सांगत, भद्रय्या मेलेला नाही. सुगुणा म्हणायची, विजयवाड्याचे लोक काहीही बोलतात. टीव्हीवर नक्षत्रकोट पाहणे तिला पापच वाटे, त्यामुळे तिकडे खातरजमा करण्याचा प्रश्नच नव्हता.

आणि पुढच्या वर्षी तिसरा, शेवटचा भाग आला. ढोल वाजले, नारळ फुटले, निळे गणवेश घालून मंडळी बसली. तासाभरात पडद्यावर भद्रय्या उगवला! शत्रूच्या पंगतीला बसून निवांत भात कालवत होता. कसा वाचला, कुठून आला, एक अक्षर नाही. पुढे त्याने दोन विनोद केले आणि शेवटी लग्नात नाचला. टॉकीजमध्ये आनंदाने उधळलेले कागद उडायचे थांबले, मग खुर्च्या वाजू लागल्या.

त्या आठवड्यात गावात संशयाला ऊत आला होता. कोणी म्हणे दिग्दर्शकाने शेवट दुसऱ्याकडून लिहून घेतला, कोणी म्हणे भद्रय्याचे काम करणाऱ्या नटाचा जावई निर्माता आहे. शेवटी मंडळाचा अध्यक्ष गंगाधरम चहाच्या टपरीवर म्हणाला की एवढी मोठी गोष्ट न सांगता कोण सोडेल, नक्की कोंडलरावांनी ते दृश्य कापले आहे. झाले, आगीत तेल पडले. गंगाधरमने सहाजण जमवले आणि जिन्याखाली येऊन उभा राहिला.

सुगुणा त्यांच्यात नव्हती. संशय तिलाही होता, पण ती शिंपीण. कापड कमी भरले की आधी माप घ्यायचे, मग भांडायचे. सिनेमाच्या सुरुवातीला सेन्सॉरचे प्रमाणपत्र दिसते, त्यावर लांबी मीटरमध्ये लिहिलेली असते. मिनिटाला किती मीटर फिल्म पळते, हे तिने मालकांना विचारून घेतले. मग सलग तीन दिवस घड्याळ हातात धरून बसली. तिन्ही वेळा हिशेब जुळला. ती जिन्याच्या पायरीवर उभी राहून गंगाधरमला म्हणाली, "काकांनी बोटभरसुद्धा कापलेलं नाही. सिनेमाच तसा आहे. घरी जा, आणि रडायचं तर तिकडे रडा."

मंडळी पांगली. मी खुश झालो. पण कोंडलरावांचे तोंड पाहून मला शंका आली. निर्दोष ठरलेला माणूस असा पडेल चेहऱ्याने बसतो का? दुपारचा खेळ संपला, संध्याकाळच्याला वेळ होता. सुगुणा वर आली. कोंडलरावांनी माझ्या पायथ्याची लोखंडी झडप उघडली आणि आतून बिस्किटांचा डबा काढला.

"तिसऱ्यात कापलं नाही. दुसऱ्यात कापलं होतं," ते म्हणाले.

दुसऱ्या भागाची शेवटची चार मिनिटे त्या डब्यात होती. वर्षभर ती माझ्याच पायात होती आणि मी, एवढा संशयी, कधी तोंड उघडले नाही. कोंडलरावांनी तो तुकडा माझ्यावर चढवला. सुगुणा रिकाम्या टॉकीजमध्ये बायकांच्या बाकावर जाऊन बसली. पडद्यावर जळका किल्ला, तुटलेले दार, शत्रूची माणसे भद्रय्याला उचलून नेतात. तो डोळे उघडतो आणि पाणी मागतो. बस्स, एवढेच.

सुगुणा तडातडा जिना चढून वर आली. गावात सगळ्यांसमोर मी तुमची बाजू घेतली, ती म्हणाली. का कापलंत?

"आधी पाच खेळ बसवायला कापलं. पेटी परत गेली तेव्हा बाकीचे तुकडे जोडले, हा नाही जोडला. तू म्हणालीस, नानांसारखा गेला. मग भद्रय्याला उठवून तुझ्या बापाला मेलेलंच ठेवायचं, हे माझ्याच्याने झालं नाही, पोरी."

संशय कसा असतो, मित्रांनो, मला ठाऊक आहे. एक टाका उसवला की अख्खी शिवण हाताला येते.

"माझ्या नानांच्या शेवटातलं किती कापलंत?"

कोंडलरावांनी खुर्ची ओढली आणि खाली बसले. रेल्वेचे फाटक बंद होते, त्यांनी सांगितले. मालगाडी लांबलचक होती, वीस मिनिटे जीप उभी राहिली. तेवढा वेळ वीरराजू शुद्धीवर होते. दुखत होते, फार दुखत होते. तिला बोलवू नका, तिचा पेपर बिघडेल, असे म्हणत होते.

"आणि म्हणाला, सुगुणाच्या मशीनचा पट्टा ढिला झालाय. रविवारी घट्ट करणार होतो, तिला सांग."

"तो पट्टा त्याच महिन्यात तुटला," सुगुणा म्हणाली. "मला वाटायचं, त्यांचं लक्षच नव्हतं माझ्याकडे."

मग ती रडली. कोंडलरावही रडले. त्या संध्याकाळचा खेळ दहा मिनिटे उशिरा सुरू झाला आणि खाली लोकांनी शिट्ट्या मारल्या.

दुसऱ्या दिवशी तिने तिसरा भाग पुन्हा पाहिला. आता भद्रय्या कसा वाचला ते तिला माहीत होते. कोंडलरावांनी आशेने विचारले, आता कसा वाटला? ती म्हणाली, वाईटच आहे, पण आता नीट कळून वाईट वाटला.

पुढे पेट्या आणि रिळे गेली. हातभर डबड्यातून सिनेमा दिसू लागला. शेजाऱ्याला भंगारवाला घेऊन गेला. मला कोपऱ्यात ढकलले, माझ्या काचेवर कोळ्याने जाळे विणले. 'गावाचा डोळा' म्हणणारे मालक माझ्यावर ओली छत्री टांगायचे.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. जुन्या यंत्राला महिन्यातून एकदा तेल द्या, आणि दयेपोटी का होईना, कोणाच्या माणसाचा शेवट कापू नका. ज्याचा असेल त्याला तो पुरा द्या, वाईट असला तरी.

माझ्यावर आता निळ्या कापडाची खोळ आहे, त्याच गणवेशांच्या उरलेल्या ताग्यातली. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी सुगुणा येते. कोंडलरावांना आता दिसत नाही, तरी ते तिचा हात धरून जिना चढतात. ती आधी माझी झडप उघडते, डबा जागेवर आहे का पाहते, आतली फिल्म बोटांवर धरून मापते. कोंडलराव विचारतात, अजून विश्वास नाही का?

"नाही," ती म्हणते, आणि मला तेल घालते.