उलटी शिकवणी

"गो टू होम," रुमियानाबाई म्हणाल्या. समोर बसलेल्या गेर्गानाने निमूटपणे तेच म्हटलं.

"आणि परदेशी जाते म्हणायचं असलं तर?"

"गो टू अब्रॉड. जिना चढायचा असला तर गो टू अपस्टेअर्स."

डॅन्यूबकाठच्या या बल्गेरियन गावात बाईंनी सारी हयात इंग्रजी शिकवण्यात घालवली होती. या शब्दांआधी 'टू' लावणाऱ्या कितीतरी पोरांचे त्यांनी कान पिळले होते. त्याच पोरांनी पुढे शुद्ध इंग्रजी बोलत गाव ओस पाडलं. आता गेर्गानाची मुलं होती म्हणून शाळा चालू होती. ती गेली की शाळेला कुलूप लागणार आणि बाई घरी बसणार.

म्हणूनच गेर्गाना इंग्लंडातल्या वृद्धाश्रमाच्या मुलाखतीची तयारी करायला आली, तेव्हा बाईंनी तिला जाणूनबुजून चुकीचं शिकवलं. लाज वाटत होती, तरी शिकवत राहिल्या.

शहरात झालेल्या मुलाखतीहून गेर्गाना थेट त्यांच्याकडेच आली, भाजलेल्या मिरच्यांच्या चटणीची बरणी घेऊन.

"बाई, घेतलं मला."

"काय काय विचारलं?"

"विचारतायत कसलं. पलंगावर एक धिप्पाड बाप्या झोपवला आणि म्हणाले, उचल. उचलला. बटाट्याची पोती काय कमी उचललीत मी?"

"आणि इंग्रजी?"

"तुम्ही शिकवलेलं सगळं घडाघडा म्हटलं. पुरे म्हणाले, कळतंय. तिथं सगळ्या बाया असंच बोलतात म्हणे."

बाईंनी बरणी हातात घेतली. जन्मभर जपलेल्या व्याकरणाने साधं कुणाचं वाईटही करता येत नव्हतं, हे त्यांना फार लागलं.

"बाई, एक मागू? आई नाही मला. निघताना दारात पाणी ओताल? आईने ओतलं की वाट पाण्यासारखी सुरळीत जाते म्हणतात."

नाही कसं म्हणणार?

निघायच्या सकाळी मुलं आधीच गाडीत जाऊन बसली होती. बाईंनी फाटकात तांब्या उपडा केला. पाणी उताराने रस्त्याकडे पळालं. ती ओल ओलांडून गेर्गाना परत वळली आणि तिने बाईंचा हात ओठांना लावला.

"तुमचे उपकार फिटायचे नाहीत, बाई."

बाईंनी हात मागे ओढून पाहिला. पण गेर्गानाची पकड मजबूत होती.