गोधडीचं पोट

बनुबाईला मूलबाळ नव्हतं आणि नवरा, कानिफनाथ, जाऊन बरीच वर्षं झाली होती. वाडीतले लोक म्हणायचे, "एकटा जीव सदाशिव, बनुबाईला कसला घोर?" म्हणणाऱ्यांच्या घरात दहा-दहा माणसं होती, त्यांचं बोलायला काय जातं! रिकामं घर खायला उठतं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. बनुबाई कधीकधी काष्टीच्या बाजारात काहीही घ्यायचं नसताना जायची, नुसता भाव विचारायला. तेवढंच कुणाशी बोलणं व्हायचं.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. वाडीतली माणसं खडी फोडायला गेली आणि नगरहून नीलांबरीबाई आल्या. मुंबईचा एक व्यापारी हातानं शिवलेल्या गोधड्या अमेरिकेला पाठवत होता, त्याच्यासाठी त्या खेडोपाडी बायका शोधत होत्या. फाटक्या लुगड्यांची गोधडी साहेबाची मडम पैसे देऊन घेते हे ऐकून वाडीतली छबूबाई तोंडाला पदर लावून हसली. हौसेला मोल नसतं, हेच खरं. बनुबाईची पडवी ऐसपैस, आणि घरात अडवणारं कोणी नाही. म्हणून काम तिथंच सुरू झालं. छबूबाई, मालनबाई, रंगुबाई आणि बनुबाई, अशा चौघीजणी.

जुनेराचे थर अंथरून चौघी चार कोपऱ्यांना बसायच्या आणि काठाकडून आत आत टाके घालत यायच्या. पहिल्या दिवशी बोलायचं तर मोठ्यानं बोलावं लागायचं. जसजशी गोधडी भरत जाई तसतशा त्या जवळ सरकायच्या, आणि शेवटी मधोमध हातभर जागा उरली की चौघींचे गुडघे एकमेकींना टेकलेले असायचे. त्या जागेला गोधडीचं पोट म्हणतात. ते उपाशी शिवायचं नसतं. उपाशी गोधडी पांघरणाऱ्याला ऊब देत नाही, असं बनुबाईच्या आईनं तिला सांगितलं होतं. म्हणून भाकरीचा एक घास आत ठेवायचा, वरून टाके घालायचे आणि उरलेली भाकर चौघींनी तिथंच बसून खायची.

भाकर बनुबाईची असायची. रेशनवर आलेल्या अमेरिकेच्या तांबड्या ज्वारीची, मिलोची, थापताना चिरा जाणारी. पण ती खाताना मालनबाई सुनेच्या कागाळ्या सांगायची, रंगुबाई नकला करायची, आणि दिवस कलला तरी कुणी उठायचं नाव घ्यायची नाही. बनुबाईला दुष्काळ संपू नये असं वाटायचं. वाटल्यावर ती स्वतःच्याच तोंडात मारून घ्यायची, पण वाटायचं खरं.

गोधड्यांचा गठ्ठा बोटीनं गेला, आणि उन्हाळ्यात नीलांबरीबाई तोच गठ्ठा एस.टी.च्या टपावरून परत घेऊन आल्या. प्रत्येक गोधडी मधोमध चिरलेली होती. भाकरीच्या तुकड्यांत किडे झाले होते. तिथल्या बंदरावरच्या साहेबांनी एकेक पोट फाडून पाहिलं आणि सगळा माल माघारी धाडला.

"आत भाकरी कोणी घातली?" नीलांबरीबाईंनी विचारलं.

"म्या," बनुबाई म्हणाली. "उपाशी कशी धाडायची बाई? परक्या मुलखाला चाललेली."

"आन मिलो तर त्यांचाच की!" छबूबाई म्हणाली. "त्यांचंच त्यास्नी पचंना व्हय?"

नीलांबरीबाईंना हसू आलं, पण ते टिकलं नाही. "मला कळतं हो. पण आणखी एकदा असं झालं तर व्यापारी काम बंद करणार. मग माझाही इलाज नाही."

काम बंद म्हणजे तिघी खडीवर जाणार. पडवी पुन्हा रिकामी. बनुबाईनं चिरलेल्या गोधडीवरून हात फिरवला आणि घाईनं बोलून गेली, "बाई, पोट ठिवलं तर माजा हात ऱ्हानार न्हाई. आमी मधूनच सुरवात करतो. मधनं कडंला शिवत जातो. पोटच न्हाई, तर घास कुटं घालायचा?"

"वा! हे छान सुचलं तुम्हाला," नीलांबरीबाई म्हणाल्या.

बनुबाईला हायसं वाटलं. काम राहिलं, बायका राहिल्या. दुसऱ्याच दिवशी नवी जुनेरं अंथरली गेली. चौघी मधोमध गुडघ्याला गुडघा लावून बसल्या आणि टाके घालू लागल्या. रंगुबाईनं बंदरावरच्या साहेबाची अशी नक्कल केली की मालनबाईची सुई बोटात घुसली. मग एकेक ओळ पुढं जात राहिली, तशा चौघी मागं सरकू लागल्या. गुडघे सुटले. हळू बोललेलं ऐकू येईना, म्हणून बोलणंही कमी झालं. शेवटच्या दिवशी चौघी चार कोपऱ्यांना, एकमेकींकडे तोंड करून, पण लांब.

छबूबाईचा हात चपळ. तिचा कोपरा आधी झाला. तिनं दातानं दोरा तोडला, पदर झटकला. "येते गं आत्या, पोरं वाट बघत असतील."

"भाकर केलीया..." बनुबाई म्हणाली.

"आता कशाला? गोधडी थोडीच जेवनार हाय!" छबूबाई हसत हसत गेली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. मग रंगुबाईचा कोपरा झाला, मग मालनबाईचा. जिचं तिचं काम संपलं की ती उठायची, दुसरीसाठी थांबायचं कारणच उरलं नव्हतं. आणि ही युक्ती कुणाची, तर बनुबाईचीच.

तिचे म्हातारे डोळे, तिचा कोपरा मागं राहिला. उन्हं ओसरीवरून उतरली तेव्हा तिनं गाठ मारली. आतून भाकरीची दुरडी आणली आणि सवयीनं गोधडीच्या मधोमध जाऊन बसली. भाकर मोडली, घास हातात घेतला, दुसऱ्या हातानं पोटाची जागा चाचपली. तिथले टाके सगळ्यांत आधीचे, चौघींनी मिळून घातलेले, अगदी घट्ट होते. नख शिरेल एवढीही जागा नव्हती.

घास तिनं बराच वेळ हातात धरला. मग तो स्वतःच्याच तोंडात घातला आणि चावत राहिली.