चैत्रातल्या ओळखी

सुलोचनानं कलिंगडावर सुरीचं टोक टेकवलं आणि सालीत कंगोरे पाडायला सुरुवात केली. एक वर, एक खाली. जरा हात हलला की सगळ्या कमळाचा विचका. पलीकडे दिवाणखान्यात झोपाळ्यात बसवायची चैत्रगौर, हरभऱ्याच्या ओटीची ताटं आणि हळदीकुंकवाला येणाऱ्या बायकांसाठी अंथरलेल्या सतरंज्या. आणि इथे स्वयंपाकघरात ती, घामानं डबडबलेली, परक्या बंगल्यातली कलिंगडं कापत होती.

"सुलू, आटप गं. बाई बघायला येताहेत," दारातून द्वारकाबाई म्हणाल्या. त्या तिच्या नवऱ्याच्या आत्या. अंगावर जुनी महेश्वरी, कुठे विरली असेल ती बाजू निऱ्यांत बरोबर दडवलेली.

"आटपतेच आहे, आत्याबाई. दुसरं काय करतेय महिनाभर?"

"हळू बोल, भिंतीला कान असतात!"

महिनाभर हेच चाललं होतं. आज हिच्याकडची गौर, उद्या तिच्याकडची. सुलोचनाला आता कैरीच्या डाळीचा वासही नकोसा झाला होता.

नवरा पांडुरंग होळकर सरकारच्या हिशेब खात्यात होता. संस्थानं गेली, मध्य भारत राज्य झालं, दोन दफ्तरांचं एक झालं आणि पांडुरंग ठरला जादा. तेव्हापासून घरी बसून पेपर वाचत होता, जाहिरातींसकट. बेटमा गावात थोरल्या दिरांचं धान्याचं दुकान. त्यांचा निरोप आला होता, 'पावसाळ्याच्या आत बिऱ्हाड हलवा, पांडू गल्ल्यावर बसेल, सुलोचना घरात हातभार लावेल.' हातभार! म्हणजे जावेच्या हाताखाली जन्मभर पोळ्या लाटायच्या. सुलोचनाचं लग्नाआधी शिक्षिकेचं ट्रेनिंग झालेलं. सरकारी कन्याशाळेत एक जागा रिकामी होती. ती मिळाली तर बेटमा टळणार होतं, नाही तर नाही. इतकं सरळ होतं.

ती अर्ज लिहायलाच बसली होती. आत्याबाईंनी दौत उचलून बाजूला ठेवली.

"अर्जानं काय होतंय? गठ्ठे पडलेत दफ्तरात. नोकरीला ओळख लागते, भई. उन्हाळ्यात सरकार ग्वाल्हेरहून इथे येतं, साहेब येतात, मागोमाग त्यांच्या बायका येतात, आणि चैत्रात बायका हळदीकुंकवाला येणारच. आधी नजरेत भर. मग त्या आपणहून विचारतील. आपण मात्र मागायचं नाही हं! सरदारांच्या घरातली माणसं आपण. कृष्णरावांनी उभ्या जन्मात कोणाकडे काही मागितलं नाही."

कृष्णराव म्हणजे आत्याबाईंचे यजमान. दरबार होता तोवर त्यांना मागायची वेळच आली नव्हती, हे सुलोचनाच्या जिभेवर आलं होतं. पण थोरांपुढे कोण बोलणार! तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

आणि नजरेत ती भरलीच की! एका घरी तिनं कलिंगडाचं कमळ कापलं, दुसऱ्या घरी पपईचा मोर केला, झालं. 'द्वारकाबाई, तुमच्या सुनेला जरा लवकर पाठवा हं,' असे निरोप यायला लागले. शाळेचं नाव कोणी काढीना.

आजचं घर मात्र तेच, ज्याच्यासाठी हा सगळा आटापिटा. पलासियातला हा बंगला शिक्षण खात्यातल्या मोठ्या साहेबांचा. त्यांच्या पत्नी प्रेमलताबाई आत आल्या आणि कमळ पाहून चक्क टाळी वाजवली.

"अय्या, किती सुरेख! ग्वाल्हेरला असं कोणी करत नाही बाई."

आत्याबाई कौतुकानं फुलल्या. तेवढ्यात बाहेरून कोणीतरी त्यांना अत्तर लावायला हाक मारली आणि त्या गेल्या. स्वयंपाकघरात दोघीच उरल्या. सुलोचनानं सुरी खाली ठेवली, पदराला हात पुसले.

"एक बोलू का? माझं ट्रेनिंग झालंय. कन्याशाळेत जागा आहे ना, ती मला मिळाली तर... मला नोकरीची फार गरज आहे."

प्रेमलताबाई म्हणाल्या,

"अहो, मग आधी बोलायचं नाही का? ती जागा तर गेल्याच आठवड्यात भरली! एक बाई सरळ अर्ज घेऊन व्हरांड्यात येऊन बसली, साहेबांनी कागद बघितले आणि घेतलं तिला. मी मागे एका हळदीकुंकवात द्वारकाबाईंना मुद्दाम विचारलं होतं, तुमची सून शिकलेली दिसते, नोकरी करणार का म्हणून. त्या म्हणाल्या, छे हो, देवाच्या दयेनं आम्हाला काय कमी आहे! तिला नुसती हौस आहे आराशीची."

मग त्यांनी सुलोचनाच्या हातात पन्ह्याचा पेला दिला. दुसरं काय देणार होत्या!

टांग्यात बसेपर्यंत सुलोचनानं स्वतःला आवरलं. टांगा हलला तशी ती फुटलीच.

"मला हौस आहे म्हणून सांगितलंत?"

आत्याबाईंनी ओटीचे हरभरे रुमालात बांधत विचारलं, "कोण म्हणालं?"

"त्याच म्हणाल्या. त्यांनी आपणहून विचारलं होतं, आत्याबाई. तुम्हीच म्हणत होतात ना, विचारतील म्हणून? विचारलं, आणि तुम्ही नाही म्हणालात!"

"मग काय चारचौघींत सांगू, आमचा पांडू घरी बसलाय म्हणून? सगळ्याजणी बघत होत्या माझ्याकडे. झाकली मूठ सव्वा लाखाची, सुलू."

"जागा गेली. गेल्या आठवड्यात भरली. आता बसा मूठ झाकून! मी चालले बेटम्याला."

तिला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी संताप आला. रुमालाची गाठ आत्याबाईंनी बांधली, सोडली, पुन्हा बांधली.

"बाईसाब, अब किधर?" टांगेवाल्यानं विचारलं.

वाटेत अजून एक घर होतं, उषाताईंचं. त्यांचे यजमान एका खासगी शाळेच्या कमिटीवर होते. सुलोचना म्हणाली, "सीधा घर चलो."

"नाही. पुढच्या गल्लीत घे, भिया," आत्याबाई म्हणाल्या. टांगा थांबल्यावर त्या आधी उतरल्या. "उतर, सुलू."

"मी आता एक फळ कापणार नाही."

"उतर म्हणते ना."

दारात उषाताई हळदीकुंकवाचा करंडा घेऊन उभ्या होत्या. मागे दिवाणखाना बायकांनी भरलेला.

"या या, द्वारकाबाई! आणि ह्या त्याच ना, आराशीवाल्या? बरं झालं बाई आणलंत, कलिंगड तसंच पडलंय आमचं."

"ही आराशीवाली नाही," आत्याबाई म्हणाल्या. आतल्या बायका बोलायच्या थांबल्या. "ही आमच्या पांडुरंगाची बायको. पांडूची नोकरी गेलीये, वर्ष होईल आता. हिचं ट्रेनिंग झालंय. तुमच्या शाळेत हिला घ्या. मी... मी मागायला आलेय."

आवाज इतका बारीक की सुलोचनाला तो ओळखीचा वाटला नाही. हळदीचं बोट पुढे करून उषाताई तशाच थबकल्या होत्या. एरवी आत्याबाई कपाळ पुढे करून सरळ आत जायच्या, मानाच्या पाटापर्यंत. आज त्या चपला पायात तशाच ठेवून, उंबऱ्याबाहेर उत्तराची वाट बघत उभ्या राहिल्या.